अंबुबाईंची बिनदेठाची अळंबी

"देठ कुठं हायत, आत्या?"

"मातीत. आणि कुठं असणार?"

"एक तरी आणायचासा की."

"माझ्या आईनं कधी देठ उपटला न्हाय. वरनं कापायचं, बुडखा मातीला ठेवायचा. मग पुढच्या साली तिथंच येतंय. तू आलीस आता मला शिकवायला."

सौम्या, अंबुबाईंची सून, टोपलीतली एकेक कळी उलटी करून बघत होती. सासू दारात उभी, पदर खोचलेला, कान बेळगावच्या बसकडे. पावसाळाभर अंबुबाई बेळगावात टिळकवाडीत अळंबी विकायला बसतात. गिऱ्हाईक टोपलीत बघतच नाही. अंबुबाई दिसल्या की पिशवी पुढे करतं. फक्त उमललेली छत्री तिथं कुणाला नको, कळ्याच हव्यात.

आणि कळीत दोघी सारख्या. एक रानातली, खायची. दुसरी गायरानातली, खाल्ली की ओकायला लावणारी. एकाच घरातल्या बहिणी जणू. रानातलीच्या देठावर सापाच्या अंगासारखी नक्षी, गायरानातलीचा देठ कोरा. उमलल्यावर तिच्या पोटातल्या चुण्या हिरवट पडतात. कळीत मात्र त्याही पांढऱ्याशुभ्र.

"टिळकवाडीतल्या जयाबाईंच्यात पाव्हणं हायत आज. वाट बघत बसतील."

"म्हणूनच इचारते."

"लगीन होऊन आल्यापास्नं विकते. कुणाचं पोट तरी दुखलं काय गं?"

"तवा तुम्ही रानात जात हुतासा."

अंबुबाईंनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. "आज बी गेलते."

"तुम्ही गेलासा तवा मी डाळ टाकली. ती आत्ता कुठं शिजली. एवढ्यात रान?"

"बिगीबिगी गेलते."

"ह्या गुडघ्यानं?"

अंबुबाई उंबऱ्यावर बसल्या, लगेच उठल्या. टोपलीवरचं पान सारखं केलं, पुन्हा विस्कटलं.

"दोन कळ्या पाण्यात ठिवू," सौम्या हळू आवाजात म्हणाली. "उमलू देत. चुण्या बघू, मग उद्या न्या."

"शिळं कोण घेतंय? उद्या दुसरी बाई बसंल माझ्या जागंवर."

"बसू दे की."

"तुला काय जातंय बसू दे म्हणायला. तिथं मला नावानं हाक मारत्यात. हितं कोण मारतंय?"

पुढच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

"आत्या, शपथ नको. नुसतं सांगा. रान का गायरान?"

अंबुबाईंनी टोपली कमरेवर घेतली. हॉर्न पुन्हा वाजला. त्या चुलीजवळून, सौम्याला वळसा घालून, मागच्या दारानं उकिरड्याकडे निघून गेल्या.