काठावर बाबा, मागे वाघ

मंडळी, तुम्हाला एक विचारायचंय.

आज सकाळी समुद्रपूरकडच्या जंगलातल्या तलावावर गेलो होतो. मी आणि दादा डोंग्यात, बाबा काठाकाठानं पायी. त्यांना ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन गाडीतच राहिलेलं.

त्यांच्या मागच्या बांबूतून वाघ बाहेर आला. आम्ही ओरडलो, दादानं वल्हं डोंग्यावर आपटलं. बाबांनी हसत हात हलवला.

वाघ आमच्याकडे बघत उभा राहिला. मग वळून बांबूत शिरला.

काठावर पोचताच मी बाबांना ओढून डोंग्यात घेतलं.

"काऊन रडून राह्यली वं?"

मी डोळे पुसले आणि वल्हं मारायला लागले.

घरी आल्यावर म्हणतात, "रविवारी पुन्हा नेजो मले." रिटायर झाल्यापासून जंगल हाच त्यांचा आनंद आहे.

वाघाचं आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतं का?