ओर्सोलाचा ठेका

मोदिका गावाच्या खालच्या गल्लीत माणसं कोंबड्याच्या आरवण्यानं उठत नसत, आझारेल्लो चॉकलेटवाल्यांच्या ठेक्यानं उठत. पत्र्याच्या साच्यांत चॉकलेट भरलं, की साच्यांचं ताट दोन्ही हातांनी धरून दगडी टेबलावर आपटायचं. ठक-ठक, ठक-ठक. आतली हवा वर येते, चॉकलेट कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतं आणि वडीला आरशासारखी चकाकी चढते. नाटकाची तिसरी घंटा व्हावी तसा तो आवाज. त्यानंतर खिडक्यांचे पडदे सरकलेच पाहिजेत!

ओर्सोला या ठेक्यावरच वाढली. लहानपणी त्याच टेबलाखाली बाहुली घेऊन बसायची, टेबलाच्या पायाला पाठ टेकून. ठेका कानात शिरायच्या आधी तिच्या मणक्यात शिरला होता.

तिचे आजोबा पाठीवर पाटा घेऊन घरोघर हिंडायचे. बड्या घरच्या स्वयंपाकघरात पाट्याखाली निखारे ठेवायचे, गुडघ्यांवर बसून कोको वाटायचे, साखर कालवायचे आणि त्यांच्याकडेच जेवून परतायचे. वडिलांनी, मास्त्रू म्हणजे उस्ताद सारोंनी, दुकान थाटलं. आजवर चॉकलेटवाला लोकांच्या दारी जायचा, आता लोक त्याच्या दारी येऊ लागले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. साखर विरघळेल इतकं तापवायचं नाही. दाताखाली कण कुरकुरला नाही तर मोदिकातला माणूस त्याला चॉकलेट म्हणत नाही, औषध म्हणतो.

दुकानात बायका कोको निवडत, साचे पुसत, वड्या कागदात गुंडाळत. टेबल तेवढं पुरुषाचं. आणि पंचविशीतल्या ओर्सोलाला नेमकं टेबलच हवं होतं. मागणी घालायला आलेल्या एका तरुणाला तिनं विचारलं होतं, "तुमच्या घरी टेबल आहे का?" तो बिचारा म्हणाला, "आहे की, सहा माणसं जेवतात." त्याचा विषय तिथंच संपला.

त्या वसंतात, संत जॉर्जच्या जत्रेच्या तोंडावर, शेजारची दोन्ना तुत्सा, म्हणजे तुत्साबाई, दुकानात शिरली ती हातातली वडी नाचवतच.

"अहो मास्त्रू, तुमच्या वडीला देवी आल्या होत्या की काय? बघा तरी हे वण!"

सारोंनी हसून मान डोलावली, कुणी तारीफ केल्यासारखी.

तुत्सानं वडी नाचवणारा हात खाली घेतला. वण कुठून आले ते ओर्सोलाला कळलं. ताट आपटताना सुरुवातीला आवाज भद्द येतो आणि चॉकलेट नीट बसलं की खणखणीत होतो. सारो त्या आवाजावर हात थांबवत. आता तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

दुपारी दुकान मिटल्यावर ती त्यांच्यासमोर उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"बाबा, टेबल मला द्या."

"शेजारच्या रागुसा गावाहून तुरीला बोलावलंय. भावाचा मुलगा आहे, जत्रेआधी येईल."

"तुरी? त्याला सायकलची घंटी धड वाजवता येत नाही!"

"टेबलापाशी बाई उभी राहिली तर तुझे आजोबा कबरीतून उठून येतील."

"येऊ देत. साचे पुसायला माणूस हवंच आहे."

सारोंनी हसू मिशीत दाबलं. मग ते हसू मावळलं. "आणि तुझा ठेका चुकला तर? मी कसा ओळखणार? मला ऐकू येत नाही गं, पोरी." हे वाक्य त्या दुकानात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

"ऐकू नका," ओर्सोला म्हणाली. तिनं त्यांचा हात धरला आणि पंजा टेबलावर पसरून ठेवला. "इथं बघा."

तिनं साचे भरले, ताट उचललं, आपटलं. सारोंचे डोळे मिटलेले. पंजाखाली आधी नुसता धक्का. दगड मुका. ताट पुन्हा, पुन्हा. मग दगडातून एक बारीक झिणझिणी उठली, बोटांतून मनगटात चढली.

"थांब!" सारो ओरडले.

ताट आधीच हवेत थांबलं होतं.

संध्याकाळी साचे उलटे केले. तुत्सानं वडी उजेडात धरली, फिरवली, मग तीत बघून केस सारखे केले. सारोंनी आपला एप्रन काढून मुलीच्या गळ्यात घातला. तुरी जत्रेला आला, पण गिऱ्हाईक म्हणून, आणि त्याच्याकडून पुरे पैसे घेतले गेले.

पुढं सारो अखेरपर्यंत रोज टेबलाशी बसत, दगडावर हात ठेवून. ओर्सोलाचं लग्नही झालं. नवरा मिळाला तो हौसेनं साचे पुसणारा!

बरीच वर्षं गेली. तिच्या मुलीनं, लिवियानं, साचे आपोआप हलवणारं मशीन आणलं. गल्लीला वाटलं, आता म्हातारी आकाशपाताळ एक करणार. ओर्सोला म्हणाली, "पाटा सुटला तेव्हा आजोबा रडले नव्हते. गुडघे सुटले म्हणून हसले होते." तिनं मशीनच्या पाठीवर पंजा ठेवला, जरा वेळानं म्हणाली, "कर बंद."

"आई, घड्याळ लावलंय ना त्याला."

"घड्याळाला वडी कळते का? ठेव इथं हात."

लिवियानं हात ठेवला. पुढच्या ताटाला आईनं तोंड उघडायच्या आत तिनंच मशीन बंद केलं. ओर्सोलानं गळ्यातला एप्रन काढला आणि लेकीच्या गळ्यात घातला.

मशीन कसं गुणी, नुसतं गुणगुणायचं. दुसऱ्याच दिवशी तुत्साची नात केस न विंचरताच दुकानात आली. "दोन्ना ओर्सोला, आहात ना जिवंत? अहो, आख्खी गल्ली झोपून राहिली! पोरांची शाळा बुडाली!"

तेव्हापासून पहिलं ताट ओर्सोलाचं असतं. खांदे कुरकुरतात, तिच्या चॉकलेटसारखेच. ती ताट उचलते, क्षणभर थांबते, समोरच्या बंद खिडक्यांकडे बघते. ठक-ठक, ठक-ठक.

पडदे सरकतात. मग बाकीची ताटं लिवियाच्या मशीनची.