नाताळच्या गोठ्यावरचे मावळे

बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या शाळेत नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मुलं करतात, आणि मी, खासबागेतल्या हिंदू घरातली चित्रकलेची बाई, तो करून घेते. करून घेते म्हणजे काय, चिखल पातळ करू नका म्हणून ओरडते. बाकी सगळं त्यांना येतं. दिवाळीत किल्ले केलेली पोरं ती. विटा रचायच्या, लाल मातीत बुडवलेलं पोतं वर टाकायचं, अळीव पेरायचे. गेल्या वर्षी आत ठेवायचं मातीचं बाळ उचगावहून बसनं येणाऱ्या चौथीतल्या एका मुलीनं केलं होतं. दोन बाळं बिघडल्यावर तिसरं जमलं.

गोठा पुरा झाला आणि बघते तर वर चारी बाजूंना मावळे उभे. दिवाळीतलेच, ढाल-तलवारीसकट.

"हे इथं कशाला रं?" मी एकाला विचारलं.

"टीचर, राजानं बाळाला मारायला सैनिक धाडलं हुतं न्हवं? मग राखण नको?"

ती गोष्ट मी वर्षानुवर्षं ऐकतेय, पण बाळाला राखण हवी हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पोरांनी आपल्याकडची सगळ्यात शूर माणसं कामाला लावली होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पालक समितीच्या बाई आल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. "पाहुण्यांसमोर हे बरं दिसत नाही. आणि नाताळात मावळे? कुणाच्या भावना दुखावल्या म्हणजे?" कुणाच्या, ते काही सांगेनात. शाळेतल्या ख्रिस्ती शिक्षिकेनं तर कौतुकानं फोटो काढून घरी पाठवला होता. हल्ली दुखायच्या आधीच लोक मलम घेऊन हजर असतात.

सकाळी आमचा गोठा सायकल स्टँडमागे पडलेला, पोतं फाटलेलं. हॉलमध्ये विकतचा चकचकीत गोठा आणि त्यावर कापसाचा बर्फ. बेळगावात बर्फ. माझं डोकं फिरलं. हेडसरांकडे गेले तर ते म्हणाले, "जाऊ द्या हो टीचर, वाद नको." जसा काही वाद मीच उकरून काढला होता.

फोटोसाठी मुलांना नव्या गोठ्याभोवती उभं केलं. हात लावायचा नाही, अशी ताकीद. आठवडाभर कोपरापर्यंत मातीत असलेले हात पाठीमागे बांधून सगळी गुमान उभी राहिली. उचगावची मुलगी तेवढी रांग सोडून माझ्याकडे आली.

"टीचर, बाळ कुठं हाय? सायकलीमागं बघितलं मी. तिथं न्हाय."

मी तिचा हात धरला आणि पाहुण्यांशी हसत बोलणाऱ्या त्या बाईंसमोर तिला नेऊन उभं केलं. "हिचं बाळ कुठं टाकलंत, ते हिलाच सांगा," मी म्हणाले. आवाज चढला होता, आणि तो खाली आणायची मला गरज वाटली नाही.

बाईंनी कापसातल्या प्लॅस्टिकच्या बाळाकडे बोट दाखवलं. "ते काय, आहे की तिथं."

मुलीनं तिकडे नीट बघितलं.

"त्ये न्हवं," ती म्हणाली. "मी केल्यालं."