रंग धरायला मीठ

आज वरण खारट झालं. धाकटा भाऊ ताट सरकवून म्हणाला, "ताई, थोडं पाणी घाल की." मी घातलं नाही. त्या चवीसरशी पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीतली आमची खोली आठवली आणि वडिलांचे, बापूंचे, कोपरापर्यंत लाल झालेले हात.

बापू डाइंग मिलमध्ये सुती कापड रंगवायचे. मला थॅलेसेमिया. माझं रक्त अंगात टिकायचं नाही, म्हणून दर महिन्याला दुसऱ्याचं चढवायचं. ते चढलं की ओठ गुलाबी व्हायचे, महिना सरत आला की धुतल्या फडक्यासारखे फिके. एकदा डॉक्टर म्हणाले, "भावाचं बोनमॅरो जुळलं असतं तर ही कायमची बरी झाली असती. नाही जुळलं. आता रक्तच चढवत राहायचं."

घरी आल्यावर बापू आधी चुलीपाशी जाऊन आले. जेवायला बसलो. पहिल्याच घासाला आई म्हणाली, "वरणमा इतलं मीठ कोनी टाकं?"

"मी," बापू खाली मान घालून म्हणाले. "मीठ टाकाशिवाय रंग धरत नही."

मिलमध्ये रंगाच्या पाण्यात पोत्यानं मीठ ओततात, हे आईलाही ठाऊक होतं. मला हसू फुटणार होतं. पण आई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं माझ्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं.

त्या पळीचा अर्थ कळायला मला कितीतरी वर्षं लागली.

भाऊ अजून ताटाकडे बघत होता. म्हटलं, "राहू दे खारट. परवा रक्त चढवायचंय."