जुनी चिप पुन्हा लावून बघणारे खुशालभाऊ

खुशालभाऊंच्या मुलीचा, शुभांगीचा सकाळी फोन आला. "काका, बाबा गेले... झोपेतच." वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याच क्षणी बरंही वाटलं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस त्रास न होता सुटला.

कारंज्याला हायवेलगत त्यांचं छोटं दुकान होतं. टीव्ही-मिक्सरच्या भानगडीत ते पडत नसत. कारखान्यांची जुनी कंट्रोल कार्डं दुरुस्त करत. यंत्रानं कधी काय करायचं याचे नियम त्या कार्डावरच्या चिपमध्ये भरलेले असतात आणि चिपच्या बारीक धातूच्या पायांमधून यंत्राला हुकूम जातात. अशी चिप म्हातारी झाली की एकदम मरत नाही, हीच तिची खोड. बाकी कामं चोख करते आणि एकात दगा देते, तेही रोज नाही. म्हणून भाऊ आधी विचारत, "काय काय बरोबर चालून राह्यलं, ते सांग."

मी सिंदीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, इलेक्ट्रिशियन होतो. एकदा रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचा दरवाजा उघडा असतानाच दट्ट्या खाली आला. तिथं काम करणाऱ्या मंदाबाईंच्या बांगड्या फुटल्या, हात थोडक्यात वाचला. दरवाजा उघडा असला की दट्ट्या रोखून धरणाऱ्या स्विचची वायर मी आदल्याच दिवशी बदलली होती. झालं, सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मंदाबाई तर माझ्याकडे बघेनात. आणि माझाही माझ्यावर भरवसा उरला नव्हता. स्क्रू नीट आवळला होता का? आठवेना.

मालकांनी भाऊंना बोलावलं. त्यांनी वायरला हात न लावता नवी चिप बसवली. प्रेस दुपारभर शहाण्यासारखा चालला. मालक खूश झाले, तर हे पुन्हा कार्ड उघडून बसले.

"चालून राह्यला न भाऊ, आता काऊन उकलता?" मालक वैतागले.

"चालून राह्यला. पण बिघडला कायनं होता, हे कोठं समजलं? जुनी वापस लावून पाहतो."

दट्ट्याची मोटार सोडवून त्यांनी तिच्या जागी दिवा जोडला, दरवाजा उघडा ठेवला आणि जुनी चिप लावली. दिवा लागणं म्हणजे दट्ट्या खाली येणं. आधी दिवा बंदच. दहा मिनिटं गेली, वीस गेली... कार्ड तापलं आणि दिवा लागला! स्पिरिटचा गार बोळा चिपवर टेकवला, विझला. काढला, थोड्या वेळानं पुन्हा लागला.

"मंदाबाई, पाहून घ्या," भाऊ म्हणाले. "चिपच खराब हाय. सुधाकरची वायर ठीक हाय."

पाणी प्यायच्या निमित्तानं मी बाहेर गेलो आणि पोटभर रडलो. निघताना त्यांचे आभार मानले, तर हसले. "तुह्यासाठी नाई केलं बाबू. मलेबी ठाऊक नोतं. तुही चूक निघाली असती, तं तेच सांगतलं असतं." तेव्हा थोडं लागलं होतं.

तेरवीनंतर शुभांगीनं त्यांचा एक डबा माझ्या हातात दिला. आत खराब चिपा, एकेक कागदात गुंडाळलेली. सिंदीची सापडली. भाऊंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "तापल्यावर एक पाय अडकतो. बाकी चांगली." मी कागद उलटून पाहिला, पुन्हा वाचला. माझं नाव कुठंच नव्हतं.