विठ्ठलनं न लिहिलेला हशा

वरवट बकालच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात नाटकं झाली मोजकीच, पण किस्से एवढे साठलेत की एकाला हात घातला की मागून चार आपोआप बाहेर येतात. तेच तेच सांगतो अशी बायकोची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण यातले काही मी आत्ता आत्ता सांगायला लागलोय.

आधी माणसं ओळखून घ्या. दिग्दर्शक गुलाबराव मास्तर रिटायर्ड शिक्षक, उशिरा आलेल्या नटाला अजूनही कोपऱ्यात उभं करतात. शालूताई अंगणवाडीत आहे, ती आमची एकुलती एक नटी. विनोदी भूमिका माझ्याकडे, म्हणजे स्टेशनरीवाल्या रमेशकडे. आणि प्रॉम्प्टर विठ्ठल, माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची पिठाची गिरणी आहे.

गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे विठ्ठलला हळू बोलताच येत नाही. एकदा शालूताईपुढे गुडघ्यावर बसून मी "प्रिये" म्हणणार, तेवढ्यात विंगेतून त्याचं "प्रिये!" अख्ख्या मांडवानं ऐकलं. मग मी म्हणालो, "प्रिये!" पुढच्या रांगेतली म्हातारी वैतागली. "शालू, दोघाइतून तुले कोनता पाहिजे ते एकदा सांगून टाक वं माय!"

*

मास्तरांची एक शिस्त आहे. लोक हसले की प्रॉम्प्टरनं संहितेच्या समासात लाल पेन्सिलनं रेघ मारायची. साधा हशा असेल तर एक, मांडव हलला तर तीन. नाटक लांबलं की मास्तर संहिता घेऊन बसतात आणि बिनरेघेचं पान उडवतात. तिथे वशिला चालत नाही.

स्वतःचं लांबलचक भाषणही त्यांनी असंच कापलं. "एवढ्या वेळात एक रेघ नाही! वर्गात निदान पोरं जांभया तरी देत होती!"

*

माझा हुकमी सीन कोठडीचा. मी एक भोळा कारकून, चुकून लॉकअपमध्ये पडतो. आत एक दांडगा कैदी. अंधार, धडपड, माझी किंकाळी. उजेड येतो तेव्हा मी फाटक्या शर्टात लंगडत बाहेर येतो आणि हवालदाराला म्हणतो, "साहेब, जामीन द्या, नाहीतर आमचं लग्न तरी लावून द्या!"

काय सांगू तुम्हाला! माणसं खुर्चीवरून खाली यायची. बाजारात लोक मला त्याच डायलॉगनं हाक मारायचे. आणि मी कॉलर ताठ करून वळायचो.

यंदा सोनाळ्याच्या प्रयोगाआधी नाटक लांबलं. मास्तर संहिता घेऊन बसले आणि म्हणाले, "रमेश, कोठडीचा सीन जातो. हशा मीही ऐकतो, पण समासात एकही रेघ नाही. नियम तो नियम." मला वाटलं, मास्तर थट्टा करतायत. पाहतो तर खरंच, पानं कोरी. इतक्या प्रयोगांत एकही खूण नव्हती.

*

मी तणतणत गिरणीत गेलो. "काऊन बे, झोपला होता काय? सगळ्यात मोठा हशा तुले ऐकू नाही आला?"

विठ्ठलनं गिरणी बंद केली. "नाही येत," तो म्हणाला. "तवा मले काहीच ऐकू येत नाही, रम्या."

बाविसाव्या वर्षी तो दुसऱ्या गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तिथल्या मुकादमानं त्याच्यावर जबरदस्ती केली होती. एवढंच त्यानं सांगितलं आणि मीही तेवढंच सांगतो.

"कोनालेच बोलला नाही?"

"बोललो होतो एकाले. तो हसला. 'बाप्या मानसाले काय होते बे,' म्हने. मंग चहा पाजला."

"कोन होता तो?"

विठ्ठल माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला आधी काही आठवेना, आणि मग सगळंच आठवलं, टपरीवरचं बाकडंसुद्धा.

"अन् तरी तू तीस वर्षं माह्याशी बोलून राह्यला?"

"चहा तर पाजला होता ना तू!"

मी तिथल्याच एका पोत्यावर बसून रडलो. लाजेनं रडलो, खोटं कशाला सांगू. थोड्या वेळानं त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ बे. लोकाइचे गहू हायेत ते."

*

मंडळात त्यानं स्वतःच सांगितलं. रिहर्सलला, दोन वाक्यांत, पेन्सिलीला टोक करता करता. मास्तर कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. शालूताई म्हणाली, "सिरीयलमध्ये बाईवर असं झालं तं तीन महिने रडतेत. मानसावर झालं तं जाहिरातीआधीचा जोक!"

"नाही ताई, एक दुसरं बी दाखवतेत," विठ्ठल म्हणाला. "लहानपनी त्याच्यावर असं झालं होतं, म्हनून तो आता खून करून राह्यला. दोनच धंदे. एक तं लोकाइले हसवायचं, नाहीतर लोकाइले मारायचं. मी तं तीस वर्षं पीठ दळून राह्यलो! दळन दळनारा कोनी दाखवलाच नाही."

आम्हाला हसावं की नाही कळेना. आधी तोच हसला, मग आम्ही. शालूताई हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

मास्तर म्हणाले, "सीन कापतो मी."

"कापू नका," विठ्ठल म्हणाला. "कापला तं लोक हसनार नाहीत, पन ऐकनार बी नाहीत. रम्याले तसाच बाहेर येऊ द्या. फक्त डायलॉग बदला." नवा डायलॉग त्यानंच सांगितला.

*

सोनाळ्याला भरली तशी धडकी मला आधी कधीच भरली नव्हती. रात्रीचा प्रयोग, मांडव भरलेला. विठ्ठलच्या समोर हा सीन आणि लोक हसले तर? पुन्हा एकदा, माझ्यामुळेच?

फाटक्या शर्टात मी बाहेर आलो आणि मांडव सवयीनं फुटला. मागून एकानं माझा जुना डायलॉग ओरडून म्हटलासुद्धा! मी थांबलो. हशा संपेपर्यंत उभा राहिलो. आयुष्यभर हशासाठी पॉज घेतले, हा पहिलाच असा. मग हवालदार झालेल्या मास्तरांना म्हणालो, "हसू नका, साहेब. आधी लिहून घ्या."

मास्तरांनी कागद ओढला. "सांग बाबा," ते म्हणाले. हे त्यांचं वाक्य संहितेत नव्हतं.

"काऊन बंद पडलं बे?" मागून कुणीतरी विचारलं. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. पुढे नाटक कसंबसं संपलं, टाळ्या बेताच्याच पडल्या. "यंदा मजा नाही आली, रमेशभाऊ," प्रयोग ठेवणाऱ्या कमिटीचा माणूस तोंडावर म्हणाला. मी मान डोलावली, "हाव."

*

आम्ही मांडवामागे मेकअप पुसत होतो. पन्नाशीचा एक माणूस आला. भरदार मिशा, डोक्याला रुमाल. मला वाटलं मला भेटायला आलाय, मी सवयीनं हात पुढे केला. त्याचं लक्षच नव्हतं.

"ते लिहून घ्यायचं वाक्य कोनाचं?"

मास्तरांनी विठ्ठलकडे बोट दाखवलं. विठ्ठल नेपथ्याचे खिळे डब्यात भरत होता. तो माणूस त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि उभाच राहिला.

शेवटी म्हणाला, "तुमची गिरनी हाये म्हनतेत, वरवटले."

"हाये."

"सकाळी दळन घेऊन येऊ काय?"

"अवो भाऊ, सोनाळ्यात गिरन्या..." शालूताई बोलायला लागली. विठ्ठलनं तिला हातानंच थांबवलं. खिळ्यांचा डबा खाली ठेवला आणि त्या माणसाचा हात हातात घेतला.

"दळन नका आनू," तो म्हणाला. "तुम्ही या."