सेवाज्येष्ठतेप्रमाणे माऊस

आमच्या कॉलेजात संगणक आला आणि त्याच्या पाठोपाठ संगणकप्रेमी मंडळ आलं. संगणक एकच होता, मंडळात मात्र प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले आणि कार्यालयातले लोक, झाडून सगळे. शिकवणारे आणि न शिकवणारे एका टेबलाशी बसून एकमेकांकडून शिकतील, असं प्राचार्य उद्घाटनात म्हणाले तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. मी तेव्हा जव्हारला भूगोल शिकवायला नवीनच आले होते आणि भाषणांवर विश्वास ठेवायचे.

मंडळ शनिवारी दुपारी भरायचं. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, मग ते कायम करायचं, मग चहा, मग अध्यक्षांचे दोन शब्द. अध्यक्ष म्हणजे इंग्रजीचे विभागप्रमुख, कॉलेजातले सर्वांत ज्येष्ठ. त्यांचे दोन शब्द संपेपर्यंत नाशिकच्या एसटीची वेळ होत यायची आणि रोज जाऊन-येऊन करणारी मंडळी पिशव्या मांडीवर घेऊन बसायची. मग कुठे संगणकावरचं पांढरं फडकं निघायचं. माऊस कोणी धरायचा याचा ठराव पहिल्याच सभेत झाला होता: सेवाज्येष्ठतेप्रमाणे. त्यामुळे तो आधी अध्यक्षांच्या हाती, तिथून इतिहासाकडे, तिथून वाणिज्याकडे. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर एक तर गाडी लागलेली असे, नाही तर वीज गेलेली असे. एकदा नाशिकहून तज्ज्ञ बोलावले. त्यांना सकाळी शिवरायांचा तळ पडला होता तो शिरपामाळ दाखवायला नेलं, दुपारी पोटभर जेवू घातलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि ते संगणक सुरू करणार तेवढ्यात त्यांच्याच गाडीची वेळ झाली. आभार मात्र सविस्तर मानले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण भाऊसाहेबांचं काय?

भाऊसाहेब म्हणजे आमचे वरिष्ठ लिपिक. सगळं कॉलेज त्यांना याच नावाने हाक मारायचं. राहायला खोडाळ्याला, रोज एसटीने यायचे. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवून बसवणं, भरवणं, कूस बदलून देणं, सगळं भाऊसाहेबच करायचे. त्यात संस्थेने कळवलं की यापुढे कॉलेजच्या कार्यालयात संगणक चालवता येणारेच लिपिक राहतील, बाकीच्यांची रवानगी संस्थेच्या समुद्राकडच्या शाळेत. तिथून खोडाळ्याला रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. म्हणजे आख्ख्या मंडळात संगणकाची खरी गरज या एका माणसाला होती, आणि शिक्षकेतर म्हणून रांगेत ते सगळ्या प्राध्यापकांच्या मागे. रांगेत तरी कुठले! ते कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचे. अक्षर चांगलं ना त्यांचं!

“भाऊसाहेब, तुम्ही सरळ मध्ये घुसा हो,” मी म्हणायचे.

“नाय मॅडम. सर लोकांचं चाललंय ना. मंग मी कसा घुसू?”

खोलीची किल्ली अध्यक्षांकडे. मधल्या दिवसांत भाऊसाहेबांसाठी तासभर द्या म्हणून मी ती मागायला गेले, तर म्हणाले, “मॅडम, मंडळाच्या वस्तूचा वापर मंडळातच व्हावा.” मी दातओठ खात परत आले.

त्या वर्षी विद्यापीठाने परीक्षार्थींची यादी फ्लॉपीवर मागवली. मंडळाला स्फुरण चढलं. मला वाटलं, आता तरी भाऊसाहेबांना खुर्चीत बसवतील, काम त्यांच्याच टेबलाचं आहे. छे! यादी टाइप करायची, तीही ज्येष्ठतेप्रमाणे. भाऊसाहेब पोशेऱ्याच्या, खोडाळ्याच्या पोरापोरींची नावं वाचून दाखवायचे आणि सर लोक एका बोटाने अक्षर शोधत बसायचे. कितीतरी शनिवार त्यात गेले. यादी संपली तेव्हा मी सुचवलं, एक जास्तीची प्रत काढून ठेवू. अध्यक्ष दचकलेच. “परीक्षेचं काम गोपनीय असतं. प्रत काढली की फुटलंच म्हणून समजा.” एवढ्यावर भागलं नाही. संगणकात होती ती यादीसुद्धा मंडळाने एकमताने पुसून टाकली. जी नावं कॉलेजच्या फलकावर लागतात त्यांत गोपनीय काय होतं, देव जाणे.

मग शिक्के. परीक्षेचं पाकीट लाखेने बंद करायचं, ही आमच्याकडची वर्षानुवर्षांची पद्धत. मेणबत्ती पेटवली, लाखेची कांडी तापवली, पाकिटाच्या पाठीवर लालभडक थेंब पडले आणि अध्यक्षांनी त्यावर पितळी शिक्का दाबून धरला.

“सर, आत फ्लॉपी आहे!” मी ओरडले.

“म्हणूनच तर जास्त शिक्के मारतोय,” ते म्हणाले.

फ्लॉपी तळलेल्या पापडासारखी वाकडी होऊन विद्यापीठातून परत आली. मुलांचं सुदैवाने काही अडलं नाही. भाऊसाहेबांनी हाताने लिहिलेली यादी विद्यापीठाने चालवून घेतली आणि हॉल तिकिटं आली. पण मंडळाची खास सभा बसली. ‘कार्यालयाने संगणकाचे कौशल्य वेळेत आत्मसात न केल्यामुळे सदर प्रकार घडला,’ असा ठराव झाला. मी भांडले. माझं भांडण आणि तो ठराव, दोन्ही भाऊसाहेबांनी मान खाली घालून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. संस्थेला तेवढं पुरलं. सोमवारी समुद्राकडच्या शाळेत हजर व्हा, असा हुकूम आला.

त्यांचा निरोप समारंभही मंडळाच्याच खोलीत, शनिवारी. भाषणं झाली, नाशिकची मंडळी गाडीला पळाली, अध्यक्षही गेले. खोली उघडीच राहिली होती. मी भाऊसाहेबांना जवळजवळ ढकलूनच खुर्चीत बसवलं. त्यांनी माऊस धरला. पडद्यावरचा बाण हलला तसा त्यांनी हात झटकन मागे घेतला, मग पुन्हा धरला. इतके शनिवार नुसतं बघून जे पाठ झालं होतं ते मी सांगत गेले, ते करत गेले. थोड्या वेळात त्यांनी आपल्या गावाचं नाव टाइप केलं आणि माझ्याकडे वळून हसले.

“सोपंच हाय की हो मॅडम!”

मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष विसरलेली छत्री न्यायला परत आले. भाऊसाहेब ताडकन उठून उभे राहिले. रिकाम्या झालेल्या खुर्चीत अध्यक्ष बसले आणि प्रेमाने म्हणाले, “हे बघा भाऊसाहेब, माऊस असा धरायचा असतो.”

“सर, उठा,” मी म्हणाले. माझा आवाज चांगलाच चढला होता.

ते उठलेही. पण भाऊसाहेबांनी तोवर पिशवी खांद्याला लावली होती.

“राहू द्या मॅडम. खोडाळ्याची गाडी लागली. आज नि उद्या बाबाला मीच भरवनार. परवापासून कोन भरवील, ते जाऊन बघाय पाहिजे.”